सिट्रस-वुडी परफ्यूम पुण्यात टिकत नाही? आधी नक्की काय उडालं ते बघा

तक्रार साधारण एकाच चालीवर येते. सकाळी कोथरूडहून निघताना दोन-तीन स्प्रे मारले, संत्र्या-लिंबाचा झकास ताजा वास होता, आणि चांदणी चौक ओलांडेपर्यंत सगळं गायब. निष्कर्षही ठरलेले असतात. बाटली डुप्लिकेट आहे, पुण्याची हवाच वाईट, पुढच्या वेळी सरळ 'स्ट्राँग'वाली घेऊ.

यातला तिसरा निष्कर्ष सगळ्यात महाग पडतो, आणि बहुतेकदा त्याने मूळ तक्रार सुटतही नाही. सिट्रस-वुडी परफ्यूममध्ये वर बर्गमॉट (लिंबाच्या कुळातलं एक फळ), संत्रं, ग्रेपफ्रूट असलं काहीतरी असतं आणि खाली वाळा, सीडर, चंदन किंवा लाकडाचा वास देणारे कारखान्यात बनवलेले रेणू असतात. हा मुळातच दोन वेगळ्या वेगांनी उडणारा माल आहे. त्यामुळे "वास गेला" एवढ्या दोन शब्दांत बऱ्याच निराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. फक्त लिंबू गेलं असेल आणि लाकूड जागच्या जागी असेल. काहीच गेलं नसेल, तुमचं नाक दमलं असेल. खरोखरच सगळं उडालं असेल. किंवा बाटलीतला मालच बिघडला असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर ऑफिसच्या लिफ्टमधले लोक तुमच्या नावाने खडे फोडतात.

रविवारी घरी करायचा तपास

सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून, शक्यतो उग्र वासाचा साबण टाळून, बसा. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, उजवा हात कोरडाच ठेवा. दोन्हींवर एकेक स्प्रे. तिसरा स्प्रे चित्रकलेच्या जाड कागदाच्या पट्टीवर, चौथा जुन्या सुती रुमालावर. मनगटं एकमेकांवर घासू नका. घासल्याने रेणू फुटतात असं जे सांगितलं जातं त्यात तथ्य नाही, रेणू इतके नाजूक नसतात. पण घासल्याने त्वचा गरम होते आणि द्रवाचा थर पातळ पसरतो, त्यामुळे आधीच घाईत असलेलं लिंबू आणखी घाईने जातं.

पंधरा मिनिटांनी, तासाभराने आणि चार तासांनी वास घ्या. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं गॅलरीत किंवा जिन्यात जाऊन या. आणि दर वेळी घरातल्या दुसऱ्या कुणालातरी हुंगायला लावा, त्याशिवाय या तपासाला काही अर्थ नाही. आई, नवरा, बायको, शेजारचे काका, कुणीही चालेल. फक्त ती व्यक्ती तुमच्याबरोबर दिवसभर त्याच खोलीत बसलेली नको. "येतोय का?" एवढंच विचारा. "छान आहे का?" विचारलंत तर पुणेरी उत्तर मिळेल आणि तपास तिथेच संपेल.

आता निकाल वाचा. चार तासांनी कागदावर आणि रुमालावर लाकडाचा वास आहे, पण कोरड्या हातावर नाही, तर प्रश्न त्वचेचा. दुसऱ्याला तुमच्या हातावर स्पष्ट येतोय आणि तुम्हाला येत नाही, तर प्रश्न नाकाचा. कागदावरसुद्धा काही उरलं नाही, तर त्या परफ्यूममध्ये लाकूड मुळातच नावापुरतं आहे किंवा बाटलीत गडबड आहे. आणि पहिल्याच मिनिटाला लिंबाऐवजी टर्पेंटाइन किंवा उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर बाकी सगळं सोडा आणि खाली बाटली बिघडण्याबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

लिंबू गेलं, लाकूड आहे

सगळ्यात जास्त वेळा निघतं ते हेच, आणि याला बिघाड म्हणता येत नाही.

संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनिन असतं. त्याचा रेणुभार १३६. बर्गमॉटच्या तेलात लिमोनिनच्या जोडीला लिनालिल अॅसिटेट असतं, त्याचा १९६. आता खालच्या मजल्यावर या. वाळ्यातलं खुसिमॉल आणि चंदनातलं सँटलॉल दोन्ही २२०, आणि कारखान्यात बनवलेल्यांपैकी, आजकालच्या बहुतेक वुडी परफ्यूममध्ये सापडणारं आयसो ई सुपर २३४, अँब्रॉक्सन २३६. रेणू जड असला की तो साधारणपणे सावकाश उडतो. वजन हेच एकमेव कारण नाही, रेणू एकमेकांना किती धरून ठेवतात यावरही ते ठरतं. पण अंदाज बांधायला वजन पुरतं. म्हणून वरचा सिट्रसचा थर पंधरा-तीस मिनिटांत ओसरतो, लाकूड त्वचेवर चार-सहा तास राहतं आणि सुती कपड्यावर पुष्कळदा दुसऱ्या दिवशीही सापडतं.

पटत नसेल तर संत्र्याची साल कागदावर पिळा, उन्हात धरलीत तर तुषार उडताना दिसतील. शेजारी माठात टाकायची वाळ्याची जुडी ठेवा. थोड्या वेळाने कागदावरचा वास शोधावा लागेल. वाळ्याची तीच जुडी मात्र माठात राहून दिवसचे दिवस पाण्याला वास देते. परफ्यूमवाल्याने या दोघांना एका बाटलीत भरलंय, त्यांचा स्वभाव बदललेला नाही.

ही अडचण जुनी आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली सुरू झालेल्या फरिना यांच्या पेढीमुळे 'ओ द कोलोन' हे नाव जगभर गेलं. ते लिंबूवर्गी पाणी दिवसभर टिकावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, उडालं की पुन्हा शिंपडायचं. टिकाऊपणाचा आग्रह नंतर आला आणि मग परफ्यूमर लोकांनी युक्त्या काढल्या. १९६६ च्या 'ओ सोवाज'मध्ये एदमाँ रुदनित्स्का यांनी हेडिओन नावाचा, मोगरा-जाईच्या कुळातला हवेशीर वास देणारा रेणू वापरला. लिंबू गेल्यावरही त्याची झुळूक राहते आणि आपल्याला वाटतं ताजेपणा अजून आहे. २००६ च्या 'तेर द'एर्मेस'मध्ये जाँ-क्लोद एलेना यांनी संत्रं आणि ग्रेपफ्रूट थेट वाळा आणि सीडरला जोडले. संत्र्याचा गोडवा निघून गेला तरी सालीचा कडवटपणा लाकडात अडकून राहिल्यासारखा वाटतो. ग्रेपफ्रूट या कामाला फार सोयीचं आहे, कारण त्याच्या वासातला नूटकॅटोन हा घटक स्वतः जड आहे, रेणुभार २१८, आणि त्याच्या अंगालाच थोडं लाकूड आहे.

याचा खरेदीसाठी उपयोग असा: तुम्हाला लिंबाचा भास जास्त वेळ हवा असेल तर वर्णनात 'लेमन' आणि 'मँडरिन' लिहिलेल्या बाटलीपेक्षा 'ग्रेपफ्रूट' आणि 'व्हेटिव्हर' लिहिलेली बाटली आधी बघा. व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळाच. तिसऱ्या तासाला जो सिट्रस येतो तो बहुतांशी या असल्या जोडणीचाच खेळ असतो.

आणि खरा लिंबाचा पहिला फवारा परत हवा असेल तर त्याला एकच प्रामाणिक इलाज आहे. पाच किंवा दहा मिलिलिटरची रिकामी स्प्रे बाटली घ्या, भरून बॅगेत ठेवा, दुपारी डबा खाऊन झाला की एक स्प्रे मारा. बाकीच्या युक्त्यांनी सिट्रसला फार तर थोडी मिनिटं मिळतात. मला स्वतःला दुपारचा तो एक स्प्रे सकाळच्या तीनपेक्षा जास्त आवडतो.

मला येत नाही, इतरांना येतो

नाक सतत एकच वास आला की त्याची नोंद घेणं थांबवतं. हे सगळ्यांनाच माहीत असतं, तरी परफ्यूमच्या बाबतीत कुणी लक्षात घेत नाही. पुण्यात याची एक खास आवृत्ती आहे. गळ्यावर, हनुवटीखाली स्प्रे मारायचा, वर स्कार्फ नाकापर्यंत घट्ट गुंडाळायचा, हेल्मेट चढवायचं आणि अर्धा-पाऊण तास स्वतःच्याच परफ्यूममध्ये श्वास घेत गाडी चालवायची. ऑफिसला पोचून स्कार्फ सोडला की वास येतच नाही, मग वॉशरूममध्ये जाऊन आणखी तीन स्प्रे. शेजारी बसणारी व्यक्ती बिचारी खिडकी उघडायला बघते, तर ती काचेची भिंत निघते.

इलाज सोपा आहे. नाकाच्या थेट खाली मारू नका. छातीवर शर्टाच्या आत, मानेच्या मागे, कोपराच्या आतल्या बाजूला मारा. स्कार्फ बांधणाऱ्यांनी तर गळा सोडूनच द्यावा.

वुडी परफ्यूममध्ये यावर आणखी एक गुंता आहे, तो आयसो ई सुपरचा. हा रेणू अनेकांना मधूनमधून येतो आणि मधूनमधून जातो, काहींना जवळजवळ येतच नाही. २००६ मध्ये गेझा शोन यांनी 'मॉलिक्यूल ०१' नावाचा परफ्यूम काढला, त्यात वासासाठी हा एकच रेणू आहे, आणि तो वापरणाऱ्यांचं ठरलेलं म्हणणं असतं की मला काही येत नाही पण लोक विचारतात कोणता लावलाय. माणसाच्या नाकात वास ओळखणारे साधारण चारशे प्रकारचे ग्राही असतात. या ग्राहींच्या जनुकांचा शोध लावल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. ही जनुकं माणसागणिक थोडी वेगळी असतात, त्यामुळे एखादा ठरावीक रेणू एखाद्याला न येणं यात विशेष काही नाही.

तुमच्या बाटलीत आयसो ई सुपर आहे का, हे खोक्यावरून कळू शकतं. युरोपात २०२३ मध्ये अॅलर्जी आणू शकणाऱ्या घटकांची यादी वाढवली गेली, त्यात हाही आला. नवीन खोक्यांवर तो 'टेट्रामिथाइल अॅसिटिलऑक्टाहायड्रोनॅफ्थॅलिन्स' अशा लांबलचक नावाने दिसतो. वाचायला भिंग लागेल, पण हे नाव दिसलं आणि तुमची तक्रार "सकाळी येतो, मग येत नाही, मग संध्याकाळी अचानक येतो" अशी असेल, तर उलगडा झाला. त्याच यादीत लिमोनिन, लिनालूल, सिट्राल ही सिट्रस तेलांतल्या घटकांची नावंही असतील. ती दिसली म्हणून माल नैसर्गिक आहे असं मात्र समजू नका, कारखान्यात बनवलेलं लिमोनिनही त्याच नावाने लिहितात.

दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याने नाक 'रिसेट' होतं ही समजूत सोडून द्या. मोकळ्या हवेनेही तेवढाच फरक पडतो. आणि रोज एकच परफ्यूम लावत असाल तर आठवड्यातले एक-दोन दिवस काहीच लावू नका.

खरंच उडतो: त्वचा, गाडी आणि एसी

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि दुपारची हवा खडखडीत कोरडी असते. मुंबईची दमट हवा वेगळी, इकडची वेगळी, त्यामुळे मुंबईच्या मित्राने "माझ्यावर तर रात्रीपर्यंत टिकतो" म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. गरम त्वचेवरून सगळेच रेणू लवकर उडतात, लिंबूवाले तर विचारूच नका. कोरड्या त्वचेवर त्यांना धरून ठेवणारा तेलाचा थरही नसतो.

म्हणून तपासात डावा हात जिंकला असेल तर रोज अंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, ते मुरलं की वर स्प्रे. पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हातही चालतो. खोबरेल तेल टाळा, त्याचा स्वतःचा वास लिंबाशी भांडतो आणि सहसा तोच जिंकतो. डिसेंबर-जानेवारीतही हीच काळजी घ्या. तेव्हा हवा गार असल्याने सिट्रस जरा जास्त रेंगाळतं, पण त्वचा फुटायला आलेली असते आणि वास लांबपर्यंत पोचत नाही.

दुचाकीचा मुद्दा मात्र लोक विसरतात. उघड्या मनगटावर आणि मानेवर स्प्रे मारून तासभर वाऱ्यात गाडी चालवली तर सिट्रसचा अख्खा वाटा सिंहगड रोडला किंवा बाणेरला वाटून झालेला असतो. यावर मॉइश्चरायझर, महाग बाटली, काहीही चालत नाही. घरून निघताना मारूच नका. ऑफिसच्या पार्किंगमध्ये हेल्मेट काढल्यावर, घाम पुसून, दोन मिनिटं थांबून मारा. हा इलाज फुकटचा आहे आणि माझ्या मते सगळ्यात गुणकारी.

बसने किंवा मेट्रोने जाणाऱ्यांची अडचण एसीत सुरू होते. गार, कोरड्या हवेत त्वचेचं तापमान उतरतं, लाकूड जागेवर बसून राहतं आणि फारसं वर येत नाही. दुपारी चारला वाटतं की परफ्यूम मेला. संध्याकाळी हिंजवडीत बाहेरच्या उकाड्यात पाऊल टाकलं की तोच वाळा आणि सीडर पुन्हा वर येतात. म्हणून चार वाजता एसीत बसून पुन्हा मारायचा मोह टाळा, नाहीतर सहाला बसमध्ये दोन्ही डोस एकदम वर येतील.

कपड्यावर मारणं हा टिकवायचा हमखास मार्ग, कारण कापूस त्वचेएवढा गरम होत नाही आणि त्यावर घामही कमी. पण पांढऱ्या शर्टावर आधी आतल्या शिवणीवर एक स्प्रे मारून डाग पडतो का बघा, काही परफ्यूमचा रंग पिवळसर असतो. रेशमावर नकोच. लग्नाच्या दिवसांत पैठणी नेसून वर परफ्यूम मारणाऱ्या मावश्या-काकूंना हात जोडून सांगायचं तर जरीची चमक अल्कोहोलने आणि तेलाने जाऊ शकते. मोत्यांचंही तसंच. आधी परफ्यूम, तो वाळल्यावर साडी आणि तन्मणी.

जून ते सप्टेंबर: 'बुरसट वास येतो'

ही तक्रार उन्हाळ्यात कुणी करत नाही. पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, त्यांना कुबट वास धरतो. वाळ्याचा स्वतःचा वास मातीचा, मुळांचा. दोन्ही एकत्र आले की समोरच्याला वाळा कळत नाही, ओला टॉवेल कळतो. दोष परफ्यूमचा नसतो. कपडा घालण्याआधी इस्त्रीने पूर्ण कोरडा करा आणि या चार महिन्यांत स्प्रे फक्त त्वचेवर मारा. दमट हवेत वास एरवीपेक्षा चांगला पसरतो, त्यामुळे एक स्प्रे कमी केला तरी चालतं. ज्यांच्याकडे दोन बाटल्या आहेत त्यांनी वाळ्याची बाटली उन्हाळ्यासाठी ठेवून पावसाळ्यात सीडरची लावावी, सीडर कोरडा आहे, पेन्सिल सोलल्यावर येतो तोच वास.

बाटली बिघडली असेल तर

लिमोनिन आणि लिनालूल दोघांचं हवेशी जमत नाही. ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात. वास तर बिघडतोच, शिवाय हे पदार्थ त्वचेला अॅलर्जी आणू शकतात. म्हणून बिघडलेली बाटली "संपवून टाकू" म्हणून अंगावर वापरू नका. उष्णता आणि उजेड या कामाला वेग देतात, आणि बाटली अर्धी रिकामी झाली की आत हवा वाढते, म्हणून शेवटचा पाव भाग लवकर जातो.

पुण्यात बाटल्या मरतात त्या मुख्यतः दोन ठिकाणी. एक, स्कूटरची डिकी, जी उन्हात उभ्या गाडीत भट्टी झालेली असते. आणि तिथे अल्कोहोलची बाटली ठेवणं धोक्याचंही आहे. दुसरं, ड्रेसिंग टेबलवर पश्चिमेच्या खिडकीसमोर, कारण बाटली दिसायला सुंदर असते. खोक्यात घालून कपाटात, भिंतीला न टेकवता, खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रिजची गरज नाही. बाथरूम नको.

निदान करताना घाई नको. बरेच दिवस न वापरलेल्या बाटलीच्या नळीत शिळा द्रव अडकलेला असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन स्प्रे हवेत सोडा आणि मग कागदावर मारून बघा. रंग गडद झाला एवढ्यावरून बाटली टाकून देऊ नका, व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन असलेले परफ्यूम काळाबरोबर तपकिरी होतातच. लिंबाच्या जागी टर्पेंटाइन आला तरच बिघडलं म्हणा. गंमत म्हणजे अशा बाटलीत अर्ध्या तासानंतर येणारं लाकूड बऱ्याचदा ठणठणीत असतं. बूट ठेवायच्या कपाटात, कागदाच्या बोळ्यावर दोन स्प्रे मारून तिची उरलेली कामगिरी करून घ्यावी.

उन्हाबद्दल एक इशारा इथेच. बर्गमॉटच्या दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा लाल होते आणि नंतर तपकिरी चट्टे उरतात. नावाजलेल्या परफ्यूममध्ये याच्या मर्यादा पाळल्या जातात आणि बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल मिळतं. पण इंटरनेटवर बघून घरीच बर्गमॉट किंवा लिंबाचं इसेन्शियल ऑइल स्पिरिटमध्ये मिसळून 'नॅचरल परफ्यूम' बनवणाऱ्यांनी ते मानेला लावून एप्रिलच्या उन्हात गाडी चालवू नये.

नवीन घ्यायचाच असेल तर

ओ द कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य साधारण दोन ते पाच टक्के, ओ द तॉयलेटमध्ये पाच ते पंधरा, ओ द पर्फ्यूममध्ये पंधरा ते वीस अशी ढोबळ समजूत आहे. ही व्यापारातली रीत आहे, कायद्याची व्याख्या नव्हे. आणि त्याच नावाच्या ओ द पर्फ्यूममध्ये लिंबू जास्त वेळ टिकेल असं धरून चालू नका. बहुतेकदा त्यात लाकूड, अंबर, मसाला वाढवलेला असतो आणि सिट्रस उलट कमी जाणवतं. ज्याला ताजेपणासाठी हा परफ्यूम आवडतो त्याने दुप्पट पैसे देऊन जड आवृत्ती घेणं म्हणजे नको तेच वाढवून घेणं. मी अशांना नेहमी तॉयलेट आणि छोटी स्प्रे बाटली हाच सल्ला देतो.

दुकान लक्ष्मी रोडवरचं असो, कॅम्पातलं असो की मॉलमधलं, पहिल्या पंधरा मिनिटांत पैसे देऊ नका. त्या पंधरा मिनिटांत जे आवडतं तेच आधी निघून जाणार आहे. हातावर एक स्प्रे घ्या, बाहेर पडा, जेवा, दुसरी कामं करा आणि तीन-चार तासांनी उरलेला वास आवडतोय का ते बघा. तुम्ही वर्षभर बहुतेक वेळ त्या उरलेल्या वासातच राहणार आहात. सेल्समन म्हणेल "सर, ऑफर आजच आहे." ऑफर पुढच्या आठवड्यातही असते.

आणि कशानेच समाधान होत नसेल, लाकूडच कमी पडतंय असं तपासात निघालं असेल, तर नवीन बाटलीआधी वाळ्याचं अत्तर करून बघा. उत्तर प्रदेशातल्या कनौजचं शुद्ध रूह खस (वाळ्याचा अर्क) महाग असतं, पण या कामाला साधं खस अत्तरही पुरतं. अत्तर तेलात असतं, अल्कोहोलसारखं झटकन उडत नाही. काडीच्या टोकाला येईल एवढंच छातीवर लावा, शर्टाला लागू देऊ नका, तेलाचा डाग सहज निघत नाही. ते त्वचेत बसलं की वर नेहमीचे दोन स्प्रे. क्रम उलटा केलात तर अत्तर चोळताना लिंबू हाताबरोबर निघून जातं. शरबतासारखं गोड अत्तर घेऊ नका. वाळ्याचा खरा वास मातकट, किंचित कडवट असतो, आणि संत्र्याच्या सालीशी जमतं ते त्याचंच.